मैत्रीण म्हणाली, "सवलत नको"

या वेळचं पत्र जरा कापून देते आहे. मूळ पत्र सहा पानांचं होतं आणि त्यातली दोन पानं नुसती आकडेमोड होती.

"आम्ही सतरा कुटुंबं मिळून एकत्र राहायचं ठरवतोय. प्रत्येकाचं घर स्वतंत्र, पण स्वयंपाकघर-जेवणघर असलेलं एक मोठं सामाईक घर, मुलांची खोली, अंगण, आणि सगळे निर्णय मिळून घ्यायचे. याला को-हाउसिंग म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं. गटाचे हिशेब मी बघते. पाच वर्षं बैठका चालू आहेत. जमिनीसाठी प्रत्येक कुटुंबाने सारखी रक्कम आगाऊ भरायची असं ठरलं आणि त्याच महिन्यात दोन कुटुंबं गळाली. त्यातलं एक माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीचं. मुळात ही कल्पनाच तिची! गटातली चार कुटुंबं चांगली सुस्थितीत आहेत. ते लगेच म्हणाले, आम्ही थोडं जास्त भरू, तिला कमी लावा. मी आनंदाने निरोप घेऊन गेले, तर ती म्हणाली, 'ज्यांच्यासोबत रोज जेवायला बसायचं, त्यांच्या उपकाराखाली मला राहायचं नाही. मला सवलत नको.' माझं काय चुकलं? वेगवेगळ्या कमाईच्या माणसांना परवडेल असं हे कुठे जमलं आहे का, की शेवटी सारख्या खिशाच्या लोकांनीच एकत्र राहावं? ता. क. : एक सभासद सामाईक घरात व्यायामशाळा हवीच म्हणून अडून बसलेत. त्यांना काय सांगू?"
– गटाची हिशेबनीस

प्रिय हिशेबनीस,

तुमचं चुकलं ते एवढंच, की तुम्ही निरोप घेऊन गेलात. मसुदा घेऊन जायला हवं होतं.

सवलतीला दोन चेहरे असतात, एक देणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा, आणि दोघंही एकाच अंगणात राहणार असतात. ती चार कुटुंबं आज मनापासून द्यायला तयार आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण चार वर्षांनी सायकली कुठे लावायच्या यावरून वाद होईल (होणारच, सायकलींवरून नाही तर भांडी कुणी घासली यावरून), तेव्हा तुमची मैत्रीण तोंड उघडण्याआधी क्षणभर थांबेल. त्या एका क्षणाला ती आत्ताच नाही म्हणाली आहे. मी बरीच वर्षं एका सोसायटीच्या समितीवर होते. तिथे एका कुटुंबाचा मेंटेनन्स आम्ही "समजून घेऊन" निम्मा केला होता. कुणी कधी बोलून दाखवलं नाही, अगदी एकदाही नाही. तरी ते गृहस्थ त्यानंतर एकाही सभेत बोलायला उभे राहिले नाहीत. त्याआधी सगळ्यात जास्त भांडायचे तेच.

म्हणून सवलत नको, नियम हवा. सगळ्यांना एकच लागू होणारा आणि कुणी घर घ्यायच्या आधी लिहिलेला.

जमलं आहे का, असं विचारता. जमलं आहे. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात लिलॅक नावाची वीस घरांची वसाहत आहे. 2013 मध्ये लोक तिथे राहायला आले. तिथलं प्रत्येक कुटुंब आपल्या निव्वळ उत्पन्नाच्या 35 टक्के रक्कम संस्थेला देतं. घरं संस्थेच्या मालकीची आहेत, कर्जही संस्थेच्या नावावर आहे, आणि सभासदांच्या नावावर असतात ते संस्थेतले हिस्से. ज्याची कमाई जास्त त्याचे हिस्से भराभर वाढतात, ज्याची कमी त्याचे हळू वाढतात. आता यात गंमत बघा. जास्त भरणारा इथे दानशूर ठरत नाही, तो स्वतःचाच हिस्सा वाढवत असतो. आणि कमी भरणारा मिंधा होत नाही, कारण तो शेजाऱ्याइतकेच टक्के देतो. कुणाच्याही चेहऱ्यावर काही लिहिलेलं राहत नाही.

पण लिलॅकमध्येही प्रत्येक आकाराच्या घरासाठी किमान किती उत्पन्न हवं ते ठरलेलं आहे. सगळ्यांचे 35 टक्के मिळून कर्जाचा हप्ता सुटायला हवा ना! म्हणजे टक्क्यांची पद्धत मधल्या आणि कमी कमाईच्या माणसाला आत घेते, अगदीच तुटपुंज्या कमाईच्या माणसाला नाही. त्याच्यासाठी बाहेरचा पैसा लागतो. त्याकडे नंतर येते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तुमच्या पत्रात तो दोनदा आला आहे. एकत्र राहिलं की स्वस्त पडतं, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. राहणं स्वस्त पडतं, बांधणं नाही. पाहुण्यांची खोली सगळ्यांत मिळून एकच, कपडे धुण्याची यंत्रं मोजकीच, शिडी-ड्रिल-इस्त्री सामाईक, मुलांना सांभाळायला कुणीतरी असतंच. ही सगळी बचत खरी आहे. पण ती येते महिन्याला थोडी थोडी, वीस वर्षं. खर्च मात्र पहिल्याच दिवशी दारात उभा असतो : जमीन, सामाईक घराचं बांधकाम, आर्किटेक्टची आणि वकिलाची फी, आणि तुमच्या पाच वर्षांच्या बैठका चालू असताना वाढत गेलेला जमिनीचा भाव. बिल्डरचा नफा वाचतो हे खरं, पण बिल्डर शेकडो घरांवर जो खर्च पसरवतो तो तुम्ही सतरांवर पसरवणार. ज्याच्या गाठीशी पैसा आहे तो पहिल्या दिवसाचा खर्च सोसून पुढची वीस वर्षं बचत उपभोगतो. ज्याला त्या बचतीची खरी गरज आहे तो दारातच थांबतो.

हे काही तुमच्याच गटात घडलेलं नाही. आधुनिक को-हाउसिंगची सुरुवात झाली डेन्मार्कमध्ये. यान गुडमन-होयर हे आर्किटेक्ट आणि त्यांचे मित्र 1964 पासून यासाठी धडपडत होते, आणि 1972 मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही पहिली वसाहत उभी राहिली, 27 घरांची. ती घरं खासगी मालकीची होती. राहायला आले ते नियमित पगाराचे, शिकलेले, कर्ज मिळू शकणारे लोक. माणसं उदार विचारांची होती, पण दाराचा उंबरठा उंच होता. मग 1978 मध्ये टिंगगॉर्डन बांधलं गेलं, ते भाड्याच्या घरांचं. तिथे प्रत्येक घराने आपल्या क्षेत्रफळातला सुमारे 10 टक्के भाग सोडला आणि त्यातून सामाईक घरं बांधली. म्हणजे सामाईक घर हा वरचा खर्च ठरला नाही, तो घराघरांतून काढलेला वाटा होता. शिवाय घरांच्या मध्ये अशा खोल्या ठेवल्या, की कुटुंब वाढलं तर इकडच्या घराला जोडता येतील आणि आटोपलं तर तिकडच्या.

ही 10 टक्क्यांची युक्ती तुमच्या नकाशावर आजच लावून बघा. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात प्रत्येक घराला पाहुण्यांची खोली आहे, आणि सामाईक घरात आणखी दोन आहेत. म्हणजे सतरा कुटुंबांना एकोणीस पाहुण्यांच्या खोल्या. इतके पाहुणे येतात तरी कुठून?

खर्च खरोखर कमी होतो तो इथे, क्षेत्रफळात. झुरिकमध्ये ट्राम डेपोच्या वर 2014 मध्ये काल्कब्राइट नावाची सहकारी वसाहत झाली. तिथे काही सुट्या खोल्या "जोकर" म्हणून ठेवल्या आहेत. मूल मोठं झालं, आई राहायला आली, की तेवढ्यापुरती एक खोली भाड्याने घ्यायची आणि गरज संपली की परत करायची. आयुष्यभरासाठी मोठं घर घ्यायचं कारणच उरत नाही. बार्सिलोनातल्या ला बोर्दाने आणखी पुढचं केलं. 28 घरं, 2018 मध्ये पूर्ण झाली. जमिनीखालच्या पार्किंगचा मजला त्यांनी काढूनच टाकला, कारण खोदकामाइतकं महाग दुसरं काही नसतं. कपडे धुण्याची जागा एकच ठेवली. आणि घराच्या आतलं बरंचसं काम लोकांनी राहायला आल्यावर हळूहळू, आपापल्या हाताने आणि ऐपतीप्रमाणे केलं.

त्यावरून घराच्या आतल्या बदलांबद्दल. तुमच्या आकडेमोडीत "सभासदांच्या पसंतीचे बदल" अशी एक ओळ आहे आणि तिच्यासमोर आकडाच नाही. ती ओळ तुमचा गट बुडवेल. एकाला मोठा ओटा हवा, दुसऱ्याला वेगळी खिडकी, तिसऱ्याला भिंत दोन फूट पलीकडे. प्रत्येक जण म्हणतो, माझा खर्च मी देतो. पण तो फक्त सामानाचा खर्च देतो. नकाशा पुन्हा काढण्याचा, ठेकेदार थांबल्याचा आणि त्या तीन आठवड्यांच्या व्याजाचा खर्च सतरांत वाटला जातो. दोन किंवा तीन नमुन्यांची घरं ठरवा आणि चावी हातात पडेपर्यंत कुणालाही बदल नाही, असा ठराव करा. नंतर ज्याला हवं त्याने सोन्याचे नळ लावावेत.

आता ती आगाऊ रक्कम. सारखी रक्कम म्हणजे न्याय, असं सभेत सगळ्यांना वाटलं असेल. पण ही रक्कम जोखमीची असते. जमिनीचा व्यवहार फिसकटला तर ती बुडू शकते. ज्याच्याकडे इतर बचत आहे त्याची सहा महिन्यांची हौस बुडेल, आणि ज्याच्याकडे तेवढीच आहे त्याचं दवाखान्याचं, शिक्षणाचं, म्हातारपणाचं सगळंच बुडेल. रक्कम सारखी असली तरी जोखीम सारखी नाही. तुमची मैत्रीण घाबरली म्हणून नाही, तर हिशेब येतो म्हणून बाहेर पडली.

यावर उपाय असा. सुरुवातीची जोखीम ज्यांना पेलते त्यांनी ती गटाला कर्ज म्हणून द्यावी, लेखी आणि ठरलेल्या व्याजाने, आणि बांधकामाचं मोठं कर्ज मिळालं की ती परत घ्यावी. बाकीच्यांनी सभासदत्वाची छोटी रक्कम भरावी. त्या चार कुटुंबांना द्यायचंच आहे ना? मग ते गटाला देऊ देत, मैत्रिणीला नको. जर्मनीत मीट्सहॉयझर सिंडिकाट नावाचं जाळं आहे, मुळात फ्रायबुर्गचं. शंभराहून अधिक घरप्रकल्प त्यात आहेत आणि त्यातले बरेचसे अशाच छोट्या-मोठ्या थेट कर्जांवर उभे राहिलेत. मित्र, नातेवाईक, ओळखीचे लोक प्रकल्पाला पैसे देतात, आणि ते देणारे तिथे राहणारेच असावे लागत नाहीत. एक अट मात्र सोडू नका : कर्ज कितीही दिलेलं असो, मत कुटुंबाला एकच. पैशाला व्याज मिळतं, जास्तीचं मत नाही.

कुणीतरी सभेत नक्की सुचवेल, की ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी श्रमदान करावं. तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर ते आलंच आहे : "ती बागेचं बघेल, तिला आवड आहे." हे मात्र होऊ देऊ नका, कितीही गोड आवाजात कुणी म्हटलं तरी. पैशांऐवजी काम, आणि तेही फक्त कमी पैसेवाल्यांनी, हे सुरू झालं की वर्षभरात तुमच्याकडे सोळा रहिवासी आणि एक माळीण असेल. श्रम घ्यायचे तर सगळ्यांचे सारखे घ्या. उरुग्वेमध्ये 1968 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर परस्पर-साहाय्य सहकारी संस्था उभ्या राहिल्या, आणि 1970 पासून फुकव्हाम हा त्यांचा महासंघ आहे. तिथे बांधकाम चालू असताना प्रत्येक कुटुंब आठवड्याला 21 तास काम करतं. विटा वाहणं, हिशेब लिहिणं, रात्रीचा पहारा, काहीही, पण तास प्रत्येक कुटुंबाचे. त्यामुळे बांधकामाचा खर्च उतरतो आणि कुणी कुणाचा नोकर होत नाही. तुमच्या गटातल्या डॉक्टरांनी शनिवारी पाट्या उचलल्या तर बिघडत नाही. (त्यांची कंबर दुखत असेल तर पहारा द्यावा. 21 तास तुम्हाला जमणारही नाहीत. चार ठेवा.)

महिन्याच्या खर्चाकडे येते, कारण माणसं दारातून आत आल्यावर गळतात ती इथे. तुमच्या दोन पानांच्या आकडेमोडीत सामाईक खर्च भागिले सतरा, एवढंच आहे. मी जरा वेगळं मांडून बघते. सतराच धरते, गळालेली दोन मी अजून गळालेली मानत नाही. चलन कुठलंही असो; समजा महिन्याचा सामाईक खर्च 170 आहे. पाच कुटुंबांचं उत्पन्न 40, आठांचं 80 आणि तुमच्या त्या चौघांचं 160. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला 10. म्हणजे पहिल्या पाचांच्या कमाईतला चौथा हिस्सा गेला आणि चौघांच्या कमाईतला सोळावा. उलट सगळं उत्पन्नाच्या प्रमाणात लावलं तर प्रत्येकाला साधारण साडेअकरा टक्के पडतात : 40 वाल्याला 4.6, 80 वाल्याला 9.2, 160 वाल्याला 18.4. न्याय झाला, पण एकच दिवा आणि एकच नळ वापरून शेजाऱ्याच्या चौपट भरणारे ते चौघं आज उत्साहात हो म्हणतील आणि तिसऱ्या वर्षी घर विकायला काढतील. मी माणसांना ओळखते.

म्हणून निम्मं निम्मं करा. निम्मा खर्च सारखा वाटायचा, निम्मा उत्पन्नाच्या प्रमाणात. मग आकडे येतात 7.3, 9.6 आणि 14.2. कुणालाच फार टोचत नाही. रोजच्या वापराचं, म्हणजे दिवे, पाणी, झाडलोट, हे सारख्या वाटणीत घाला. सामाईक घराचा हप्ता आणि गंगाजळी उत्पन्नाच्या वाटणीत. निम्मं हा आकडा काही पवित्र नाही, तुमचा गट साठ-चाळीस करील. पण कागदावर तिन्ही तक्ते शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मतदान घेऊ नका. न बघता हात वर करणाऱ्यांचे हात नंतर वरच राहतात, तक्रारीसाठी.

दुसरी एक रीत आहे, जर्मनीतल्या सामुदायिक शेतीच्या गटांत चालते. वर्षाचा एकूण खर्च सगळ्यांसमोर मांडतात, सरासरी किती पडते ते सांगतात, आणि मग प्रत्येक जण चिठ्ठीवर लिहितो की मी इतकं देऊ शकतो. चिठ्ठ्यांची बेरीज करायची. कमी पडली तर पुन्हा फेरी. उत्पन्न कुणालाही सांगावं लागत नाही, हे तिचं मोठं सुख. धोका एवढाच, की भिडस्त माणूस झेपत नसताना सरासरीच लिहितो. तुमच्या मैत्रिणीसारखं स्पष्ट बोलणारं माणूस असेल तर ही रीत छान चालते, नाहीतर टक्क्यांचा नियमच बरा.

टक्क्यांचा नियम म्हटला की उत्पन्न सांगावं लागणार. ते बघणार कोण? तुम्ही तर मुळीच नको. ज्यांचे हिशेब तुम्ही लिहिता त्यांच्याबरोबरच संध्याकाळी जेवायला बसणार आहात. गटाबाहेरचा एखादा लेखापाल ठरवा. वर्षातून एकदा कागद त्याने बघायचे, आणि तुमच्याकडे फक्त "हे कुटुंब, हा आकडा" एवढंच यायचं. उत्पन्न म्हणजे काय याचीही व्याख्या लिहून ठेवा. दोन माणसांचे 80 आणि सहा माणसांचे 80 एकच नाहीत, घरातली खाणारी तोंडं मोजायला हवीत. पगार थोडा पण वडिलोपार्जित मालमत्ता मोठी, असंही कुणी असतं. आणि नोकरी गेली तर? तेव्हा सभा बोलवून चर्चा करायची वेळ येता कामा नये. गंगाजळीतून सहा महिने फरक भरला जाईल, अर्ज त्या बाहेरच्या लेखापालाकडे, बस्स. हा नियम आधी लिहिलेला असेल तर उद्या तो त्या चौघांपैकी कुणालाही लागू पडेल. नोकरी कुणाचीही जाते.

यानंतरचा भाग बहुतेक गट टाळतात, कारण तेव्हा सगळे स्वप्नात असतात : घर सोडून जाताना काय? समजा तुम्ही सगळं नीट केलं, मैत्रीण राहायला आली. दहा वर्षांनी तुमची वसाहत इतकी छान झाली, की आजूबाजूपेक्षा घरांचे भाव दीडपट. एक कुटुंब निघालं, बाजारभावाने विकलं. घेणारा कोण? सुस्थितीतलाच. मग दुसरं घर तसंच, मग तिसरं. कुणीही वाईट वागलेलं नसतं, तरी पंचवीस वर्षांत सारख्या खिशाचे सतरा लोक तिथे राहत असतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मग बाजारच देऊन टाकतो.

यासाठी विक्रीच्या किमतीला लगाम लागतो, आणि तो पहिल्या दिवशीच लावावा लागतो, कारण भाव वाढल्यावर त्याला कुणी मत देत नाही. लिलॅकमध्ये हिस्स्यांची किंमत घरांच्या भावाशी नाही, देशातल्या सरासरी कमाईशी बांधलेली आहे. कमाई वाढेल तेवढीच किंमत वाढते. अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या बर्लिंग्टन शहरात 1984 पासून सामुदायिक भूविश्वस्त संस्था आहे. तिथे जमीन कायम संस्थेकडे राहते. घर सोडणाऱ्याला त्याने भरलेलं मुद्दल मिळतं, आणि वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्सा. बाकीचा घरातच राहतो, पुढच्या कुटुंबाला घर स्वस्त पडावं म्हणून. ला बोर्दाची जमीन तर नगरपालिकेची आहे, 75 वर्षांच्या कराराने; तिथे घर विकताच येत नाही. राहण्याचा हक्क असतो आणि जाताना सुरुवातीची अनामत परत मिळते.

यातलं तुम्हाला काय झेपेल ते तुमच्याकडचे कायदे सांगतील, वकील गाठा. पण एक गोष्ट कुठेही लागू आहे. लगामाची एक दोरी गटाबाहेरच्या कुणाच्या तरी हातात हवी. सतरा जणांनी केलेला नियम सतरा जण बदलू शकतात, आणि भाव दुप्पट झाल्यावर बदलतातच. त्या जर्मन जाळ्यात म्हणूनच प्रत्येक घराची मालकी एका कंपनीकडे असते आणि तिचे भागधारक दोन : राहणाऱ्यांची संघटना आणि मध्यवर्ती सिंडिकाट. घर विकायला दोघांची संमती लागते, आणि सिंडिकाट ती देत नाही. तो त्याचा एकुलता एक अधिकार म्हणा ना. रोजच्या कारभारात तो नाक खुपसत नाही.

राहिला बाहेरच्या पैशाचा प्रश्न, ज्यांना टक्केही परवडत नाहीत त्यांच्यासाठी. लंडनच्या उत्तर टोकाला पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी उभारलेली न्यू ग्राउंड ही वसाहत आहे. 2016 मध्ये त्या राहायला आल्या. 25 घरांपैकी 17 विकत घेतलेली आणि 8 कमी भाड्याची, ती एका गृहनिर्माण संस्थेमार्फत. बैठकीत, बागेत, जेवणाच्या टेबलाशी मालकीण आणि भाडेकरू असा भेद त्यांनी ठेवलेला नाही. मात्र पहिल्या बैठकीपासून राहायला जाईपर्यंत त्यांना 18 वर्षं लागली. तुमची पाच झाली आहेत, तेव्हा हताश होऊ नका. आणि अशी संस्था शोधायची असेल तर जमीन घेण्याआधी शोधा. तयार नकाशात नंतर भाड्याची घरं बसवायला कुणीही संस्था येत नाही. सतरांतली तीन घरं संस्थेने घेतली तर तुमचा कर्जाचा बोजाही तेवढा हलका होईल, हे त्या चौघांना जरूर सांगा. ती तीन घरं एका कोपऱ्यात नकोत, मधेमधे हवीत, आणि दारं-खिडक्या इतरांसारखीच.

तुमच्या मैत्रिणीकडे परत जा. या वेळी "आम्ही तुझ्यासाठी ठरवलंय" असं काही म्हणू नका. तीन तक्ते आणि कोरा कागद घेऊन जा आणि तिला विचारा, की हा नियम लिहायचा आहे, यात कुठे कुणाची मान खाली जाते ते तूच सांगू शकशील. नियम लिहिणारी म्हणून तिला बोलवा. सभासद व्हायचं की नाही ते ती नियम वाचून ठरवील. कदाचित तरीही नाही म्हणेल, तिचा तो हक्क आहे. मसुदा मात्र तिने वाचलेला असेल, आणि त्या दुसऱ्या गळालेल्या कुटुंबाला तो दाखवायला तुम्हाला तोंड राहील. तिच्या मसुद्यावर सभेत चर्चा होईल तेव्हा त्या चार कुटुंबांनी शेवटी बोलावं, एवढं त्यांना आधी गाठून सांगून ठेवा. चांगली माणसं दिसताहेत, ऐकतील.

व्यायामशाळेचं सोपं आहे. तिची जागा, यंत्रं, वीज आणि दुरुस्ती यांचा महिन्याचा खर्च वेगळा काढा आणि ज्यांना ती हवी त्यांनी तो आपापसात वाटून घ्यावा असं सुचवा. चौदा हात वर झाले तर बांधा. एकच हात वर झाला तर त्या गृहस्थांना सांगा, आठवड्याला चार तास पाट्या उचलायच्या आहेतच.